बांबू घेऊन समुद्रावर

दवनीवाड्याहून समुद्र किती लांब आहे, हे मला नकाशावरून नाही, एका बांबूवरून कळलं. आमच्या परसातला, माझ्यापेक्षा हातभर उंच, गाठी तासून गुळगुळीत केलेला बांबू. तो घेऊन आम्ही नवराबायको आगगाडीत बसलो, उतरलो, एसटीत चढलो, पुन्हा उतरलो आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एकदा बांबूकडे आणि एकदा आमच्या तोंडाकडे पाहिलं. दापोलीच्या स्टँडवर एका बाईंनी तर आपुलकीनं विचारलं, "तंबू ठोकणार का?" मी म्हटलं, "नाही हो, गाडी उचलायला." त्या आपली पिशवी उचलून जरा पलीकडे सरकल्या.

मी कांता. गोंदियाजवळच्या दवनीवाड्यात शिवणकाम करते. लग्नसराईत ब्लाऊज, एरवी शाळेचे कपडे आणि उशांच्या खोळी. नवरा योगराज, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी त्यांना हाक मारताना 'अजी' म्हणते आणि इथे लिहिताना 'हे' म्हणणार आहे. थोडी धानाची शेती आहे, ती दोघं मिळून करतो. आम्ही दोघांनी मिळून केलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे ही पतंगाची गाडी.

निघण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावर एक माणूस तीनचाकी गाडीत बसलाय, गाडीला इंजिन नाही, पॅडल नाही. हातात दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग आणि वारा त्याला ओढत नेतोय. पुढचं चाक पायांनी वळवायचं, बाकी सगळं पतंगावर. हे फोन घेऊन माझ्या मशीनजवळ आले.

"कांता, हे पाह्य ना. हे तर आपण बनवू शकतो."

"तुमी गाडी बनवाल. पतंग कोण शिवन?"

"तूच ना. गावात दुसरा कोण शिवते?"

गाडी पंधरवड्यात झाली. स्कूटरची तीन जुनी चाकं, भंगारातला पाइप आणि बसायला आमच्याच अंगणातली खुर्ची, तिचे पाय कापून. खुर्चीबद्दल मला कोणी विचारलं नाही, ते असो. पतंग मात्र दोनदा शिवावा लागला. पहिला मांडवाच्या कापडाचा केला, तो इतका जड झाला की उडायचं सोडून जमिनीवर लोळत राहिला. मग मी गोंदियाच्या बाजारातून पॅराशूटचं कापड आणलं. दुकानदार म्हणाला, "भाभी, इतने में कितने रेनकोट बनाओगी?" मी म्हटलं, "एक ही. बड़ा वाला." हा पतंग म्हणजे कामट्यांचा पतंग नाही. दोन पदरी कापडाला उभे कप्पे शिवायचे, पुढून तोंड उघडं ठेवायचं, वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि अख्खं कापड ताठ होतं. रजईची खोळ शिवणाऱ्या बाईला ते अवघड नाही. लाल आणि पिवळे कप्पे एकाआड एक लावले. पहिल्यांदा तो फुगला तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटली, पण दोऱ्या माझ्याच हातात होत्या.

सराव गावच्या तलावात केला. तलाव म्हणजे उन्हाळ्यातला तलाव, निम्मा कोरडा, तळ तापून टणक झालेला. वारा पाठीवर घ्यायचा, पतंग उचलायचा की गाडी सुटलीच. सगळं सरसर. पण तलावाचा तळ तो केवढा? समोरची पाळ आली की पतंग खाली, गाडी ठप्प. आणि परत यायचं तर वारा तोंडावर. मग तो बांबू. गाडी बांबूला बांधायची, पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं यांच्या, आणि चिखलाच्या भेगांतून ठेचकाळत पुन्हा जिथून निघालो तिथे.

पाळीवर बसून निम्मं गाव बघायचं. पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडलं, "काऊन वो कांताबाई, रानडुक्कर भेटला का?" खरंच, लांबून आम्ही शिकार बांबूला टांगून आणणाऱ्यांसारखेच दिसत असणार. उन्हाळा संपेपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला: योगराजची गाडी जाते, पण येत नाही. किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, ब्लाऊजचं माप देता देता बाया मला तेच ऐकवायच्या. हे हसण्यावारी न्यायचे. मला ते खपत नव्हतं. मी शिवलेली वस्तू जाते पण येत नाही, हे कोणी म्हणावं? मी मनाशी ठरवलं की एकदा तरी ही गाडी वाऱ्यावर जाईल आणि वाऱ्यावरच परत येईल. बसल्या जागी, बांबूशिवाय. बाकी मला काही नको होतं.

त्यासाठी मोठी जागा आणि एकसारखा वारा हवा, म्हणजे समुद्र. पावसाळा गेला, धान कापून झालं, चुरून म्हणजे मळून झालं आणि हे योजनेला बसले. यांना प्रवासापेक्षा प्रवासाची योजना जास्त आवडते. फोनवर आकाशातून काढलेली किनाऱ्यांची चित्रं बघत बसायचे. हा आखूड, ह्यात खडक, हा वाकडा. शेवटी दापोलीजवळचं कर्दे मनात भरलं. लांबलचक, सपाट, सरळ पश्चिमेकडे तोंड केलेलं. तिथे घरात पाहुणे ठेवणाऱ्या एक वनिताताई आहेत, त्यांचा नंबर मिळवून यांनी फोन लावला.

"ताई, तुमच्याकडची वाळू कशी आहे?"

"वाळू?" पलीकडून आलं. "वाळूसारखीच आहे हो."

"तसं नाही. कडक आहे का? त्याच्यावर सायकल चालते?"

"ओहोटीला पोरं मोटारसायकली घालतात. पण तुम्हाला खोली एसीची हवी की साधी?"

खोलीशी यांना काही देणंघेणं नव्हतं. पण ओहोटी हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात शिरला आणि मुक्कामाला राहिला. वनिताताईंनीच समजावलं. समुद्राचं पाणी रोज मागे जातं, पण रोजची वेळ पुढे सरकते. वारा दुपारनंतरचा चांगला. तेव्हा ओहोटी दुपारनंतर हवी, नाहीतर कडक वाळूच उघडी पडायची नाही. "द्वादशीला या. द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी. दुपारी पाणी लांब गेलेलं असतं." आमच्याकडे तिथी बघून लग्न लावतात, कचारगडच्या यात्रेला जातात, आमच्याच भागातल्या प्रतापगडच्या जत्रेला जातात. तिथी बघून गाडी चालवायची हे मी पहिल्यांदाच ऐकलं. फाल्गुनातली द्वादशी धरली. होळीनंतर माझ्याकडे लग्नाच्या ब्लाऊजांचा ढीग पडणार होता, म्हणून पौर्णिमेला परतीची गाडी. हातात तीन दुपारी.

मग सामान. गाडी खोलून धानाच्या पोत्यांत, पतंग उशीच्या खोळीत, माझ्या पिशवीत वनिताताईंसाठी घरचा चिन्नोर तांदूळ. आणि दाराशी उभा केलेला तो बांबू.

"हा कायले?"

"गाडी परत आणाले."

"म्हणजे तुमी आत्ताच ठरवून राहिले का येणार नाई म्हणून?"

"तयारी ठेवा लागते कांता."

मला इतका राग आला की मी गोंदियापर्यंत बोलले नाही. गोंदियाला चहा पिताना फक्त सांगितलं, की गाडी आपल्या आपण परत आली तर हा बांबू तुम्ही एकटे वागवाल. हे म्हणाले, मंजूर.

द्वादशी

समुद्र मी आधी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे तलाव आहेत, मोठाले आहेत, पलीकडचा काठ धुरकट दिसेल एवढेही आहेत. पण पलीकडे काठ असतो. इथे सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर काही संपतच नव्हतं. मी चपला हातात घेऊन उभी राहिले. हे वाळूवर टाच आपटून बघत होते. "कडक आहे," म्हणाले, तेही इतक्या समाधानाने, की जणू त्यांनीच ती ठोकून बसवली होती.

वनिताताईंनी जेवायला वाढलं होतं तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं कालवण, तळलेली सुरमई आणि उकड्या तांदळाचा भात. तांबूस, जाड, एकेक दाणा सुटा. आमच्याकडचा भात मऊ, बोटांना चिकटणारा. यांनी पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या घासाला पाहिलं नाही, मग तीनदा भात मागितला. मासे आमच्याकडेही लागतात, पण तलावातले. समुद्राचा मासा गोड लागतो हे मला खरं वाटत नव्हतं. सोलकढी मात्र पहिल्या घोटाला मला औषधासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी मी ती मागून प्यायले.

दुपारी गाडी जोडली. पाणी खरंच लांब गेलं होतं आणि वारा समुद्राकडून येत होता, तलावातल्यासारखा धक्के देत नाही, एकसारखा. आम्ही शिकल्याप्रमाणे गाडी अगदी पाण्याजवळ नेली, वाऱ्याकडे पाठ केली, मी बसले, पतंग उचलला आणि गाडी सुटली. सुटली ती सरळ सुरूच्या झाडांकडे. वरची भुसभुशीत वाळू लागताच चाकं रुतली, पतंग झाडाला लागता लागता वाचला. संपलं. बांबू आणा.

पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा बांबू. मैलभर पसरलेला किनारा, आणि आम्ही त्याची रुंदी मोजत होतो. फिरायला आलेले लोक फोन काढून उभे. माझ्या कानात मात्र आमच्या तलावाची पाळच बोलत होती. चार खेपांनंतर खांदा सोलवटला आणि मी म्हटलं, आता चहा.

गाडी पाण्याजवळच ठेवून आम्ही वर टपरीवर गेलो. ही चूक आमच्याकडचीच माणसं करू शकतात. आमच्याकडे पाणी एकदा आटलं की पावसाळ्यापर्यंत जागचं हलत नाही. ओहोटी आम्हाला पाठ होती, तिथीसकट, पण ओहोटीनंतर काय होतं याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नव्हता. दुसरा चहा सांगितला. समोरच्या टपरीवाल्याने आमच्या खांद्यावरून पाहत विचारलं, "ती गाडी तुमचीच ना?"

वळून पाहिलं तर गाडीची मागची चाकं पाण्यात.

धावत गेलो. ओढून पाहिली, चाकं ओल्या वाळूत निम्मी बसलेली, हलेना. आणि मग आम्ही काय केलं असेल? दुसरं कोणी असतं तर ओरडून माणसं गोळा केली असती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बसून धुरा बांधायला लागलो. शेतात पाणी शिरतंय, बांध घाला. हात आपोआप चालले. मी वाळू ओढत होते, हे थापटत होते. "तिकडून फुटून राहिला!" "तुमी इकडं या, हा जवरचा पाहा!" गाडीभोवती गुडघाभर उंचीची गोल बांधी, धानाच्या खाचरासारखी, तयार झाली, इतकी सुबक, की मोरपंखी साडी नेसलेल्या कोणा बाईंनी तिचा फोटो काढला. आत पाणी नाही, बाहेर समुद्र. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

मागून वनिताताईंचा आवाज आला. "काय हो, समुद्रात भात लावताय की काय?"

तेवढ्यात एक लाट आली आणि धुरा गेला, जसा नव्हताच. पुढच्या लाटेने पतंगासकट त्याची खोळ उचलली, ती मी झडप घालून धरली. मग वनिताताईंनी पदर खोचला, टपरीवाल्याला हाक मारली, बांबू पुढच्या चाकाखाली घालून आम्ही चौघांनी गाडी उपटून काढली. बांबू कामाला आला होता. संध्याकाळी यांनी त्याला नीट पुसून भिंतीशी उभा केला, तेवढंच. मी हसत सुटले ते थांबेचना. वनिताताई हसल्या, शेवटी हेही हसले. रात्री जेवताना वनिताताई मला म्हणाल्या, "पण बांध छान घातला होतात हो. आमच्या खाचराला असा पाहिजे." मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे भात म्हणजे ताटातला, शेतात असतं ते धान. त्यांना ते भारी आवडलं.

त्रयोदशी

खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरलं होतं. चाक फिरवलं की आत वाळू करकरायची. यांनी अख्खी दुपार अंगणात गाडी खोलून घालवली, रॉकेल, चिंध्या आणि तोंडाने पुटपुट. मी पतंग विहिरीच्या पाण्याने धुतला, दोनदा, आणि दोरीवर वाळत घातला. एका कप्प्याची शिवण उसवली होती, ती हाताने घातली. लांबून लाटांचा आवाज येत होता आणि आमची एक दुपार वाया जात होती. शिवताना माझ्या मनात सारखं एकच, की उद्या एवढीच उरली. उद्या नाही जमलं तर लोकांना काय, लोक हसून विसरतील. मी नाही विसरणार.

वनिताताई अंगणात कुळीथ उफणायला बसल्या. बसल्या म्हणजे उभ्याच होत्या, सूप खांद्याएवढं उचलून. मी म्हटलं, द्या इकडे, मला हात चालवायला काहीतरी हवं होतं. सूप घेतलं, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि उभी राहिले. कुळीथ पायाशी पडत होते, फोलपटं बाजूला उडून जात होती, जाईच्या वेलापर्यंत. सूप अर्धं रिकामं झालं आणि मी थबकले.

मी कशी उभी होते? वारा माझ्या डाव्या कानात होता. वाऱ्याकडे पाठ करून कोणी उफणत नाही. पाठीवर वारा घेतला की फोलपटं फिरून तोंडावर येतात. लहानपणापासून मी खळ्यावर अशीच उभी राहत आले, आणि गाडीत बसताना मात्र पाठ वाऱ्याला.

"अजी!"

"काय?"

"आपण उलटे बसून राहिलो. वारा पाठीवर कायले घेतो? कानावर घेऊ."

हे रॉकेलच्या हातांनी उभे राहिले. "हे धान नाही कांता, गाडी आहे."

"वारा तर तोच आहे ना."

मी सूप ठेवलं आणि अंगणातल्या वाळूवर काडीने किनारा काढून दाखवला. समुद्र इकडे, वारा समुद्राकडून. पाठ दिली की झाडांत जातो. कान दिला, तर पतंग झाडांच्या बाजूला कलून ओढेल आणि गाडी पाण्याच्या काठाकाठाने जाईल. जाताना डाव्या कानात वारा. आणि वळलो, की उजव्या कानात तोच वारा. हे त्या रेघांपाशी येऊन बसले. माझा नवरा मनात एखादी गोष्ट तासत असला की खालचा ओठ दाताखाली धरतो. मग ओठ सोडला आणि म्हणाले, "व्हिडिओतला मानूस पण आडवाच बसला होता." महिनोन् महिने आम्ही तो व्हिडिओ पाहिला होता. मला त्यांना मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. वनिताताई समोर होत्या, म्हणून मी उरलेले कुळीथ उफणले.

चतुर्दशी

पाणी आज आणखी लांब गेलं. काठाची वाळू ओली, चकचकीत, पायाचा ठसाही उमटेना. वारा होता. लोक कमी होते. यांनी मला आपलं जुनं, कान उघडे राहतील असं हेल्मेट घातलं, पट्टा स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला.

"पहिले मी जाऊ का?" यांनी विचारलं.

"पतंग कोणाचा?"

"तुझा."

"मंग?"

हे बाजूला झाले. गाडीचं तोंड उत्तरेकडे, शेजारच्या मुरुड गावाकडे. डावीकडे समुद्र, डाव्या कानात वारा. मी दोऱ्या ओढल्या. पतंग झाडांच्या बाजूने उठला, कप्पे फुगले, लाल, पिवळा, लाल, पिवळा, आणि एका बाजूला कलला. मला वाटलं आता आडवी होते. पण गाडीने जरा विचार केला आणि सरळ निघाली.

मी पुष्कळ शिवलं आहे, पण असं कधी वाटलं नव्हतं की माझा एक टाका मला ओढून नेतोय. आधी सायकलीएवढी, मग उतारावरच्या सायकलीएवढी, मग मी मोजायचं सोडलं. चाकांखाली पाण्याचा पातळ थर, त्याचे तुषार तोंडावर खारट. समोरून बगळ्यासारखे पांढरे पक्षी उठून पाण्यावर जायचे आणि मी गेले की परत बसायचे. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, बहुतेक यांचं नाव, जे मी एरवी घेत नाही. ऐकायला कोणी नव्हतं. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, हेल्मेट घालून, यांचा जुना शर्ट फडफडवत, समुद्राच्या काठाने एकटी चालले होते आणि मला कोणी ढकलत नव्हतं.

किनाऱ्याच्या शेवटाकडे होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसल्या तसे पाय वळवले. इथेच सगळं होतं. गाडी वळली, पण पतंगाला मी उशिरा ओढलं. तो वरून फिरला, ढिला पडला आणि वाळूवर आपटला. गाडी थांबली. एकदम इतकं शांत झालं की लाटा ऐकू आल्या.

मागे वळून पाहिलं. हे दिसत होते, पण केवढे, तर सुईएवढे. आणि ती सुई हलली. मला इथूनही कळलं की ते वाकले आणि त्यांनी काहीतरी उचलून खांद्यावर घेतलं. मला माहीत होतं काय ते.

मी उतरले. पतंग उलटा करून पसरला, कडेवर मूठ मूठ वाळू ठेवली, मी बसायच्या आधी तो उडू नये म्हणून. बांबूचा राग होता, हात भराभर चालले. काल घातलेली शिवण तपासली. टिकली होती. दोऱ्या सरळ केल्या, गाडीचं तोंड दक्षिणेकडे, बसले. टाचा वाळूत रोवल्या. आता वारा उजव्या कानात. मी डोळे मिटून तो नीट ऐकला, मग ओढलं.

वाळू सांडली, एक कप्पा फुगला, मग दुसरा, आणि पतंग सावकाश, उगीच अपमान झाल्यासारखा, उठला. मी टाचा उचलल्या. गाडी निघाली. परत. वाऱ्यावर. बसल्या जागी.

हे अर्ध्या वाटेत भेटले. खांद्यावर बांबू, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चालून चालून लाल झालेले. मला येताना पाहून थांबले. हात वर केला, मला थांबवायला की कौतुकाने, त्यांनाही माहीत नसावं. मी थांबूच शकत नव्हते. "बांबू सांभाळा!" एवढं ओरडले आणि त्यांच्या बाजूने निघून गेले. मागे वळून पाहिलं तर हे बांबूसकट माझ्यामागे पळत होते आणि हसत होते.

जिथून निघाले होते, तिथे चाकांची पहिली खूण अजून वाळूत होती. तिथेच पतंग उतरवला. उठले नाही, खुर्चीतच बसून राहिले. आनंदाने रडू येतं हे मी ऐकलं होतं, पण हेल्मेटमध्ये रडताना नाक पुसता येत नाही हे कोणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने हे पोचले, धापा टाकत. बांबू खाली ठेवला आणि वाळूवर बसले.

"पतंग पडला तवा मी निघालो," यांनी सांगितलं. "मंग उठला. पण मले वाटलं पुन्हा पडन, म्हणून चालतच राहिलो."

"मंग?"

"मंग तू बाजूनं गेली." यांनी बांबू पायाने जरा बाजूला सारला. "कांता, मी बांबू आणाले नको होता."

मी हेल्मेट काढलं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला. पाणी अजून लांब होतं, पण आता ते परत येतं हे आम्हाला ठाऊक होतं. हे बसले, डावा कान समुद्राकडे केला आणि मला विचारलं, "असंच ना?" मी म्हटलं, "असंच."

हे सुटले. पतंग लहान होत गेला. मी एकटी उभी, पायाशी तो बांबू. दवनीवाड्याहून इथपर्यंत आणलेला. मी तो उचलला आणि पहिल्या चाकाच्या खुणेवर दोन्ही हातांनी वाळूत रोवला, रोवणीच्या दिवसांत धानाची रोपं रोवते तसा, खोलवर. टोकाला पतंगाची लाल खोळ बांधली. ती लगेच वाऱ्यावर आडवी झाली. म्हणजे वळल्यावर यांना लांबूनच कळेल, कुठपर्यंत परत यायचं ते.

होड्यांजवळ पतंग वळला. एकदा ढिला पडला, मी बांबू घट्ट धरला. मग ताठ झाला आणि मोठा मोठा होत बांबूकडे यायला लागला.